मनगटावर काळसर काहीतरी

सोमवार, ३

तो डाग होता की सावली?

मला माहीत नाही. शेवटचा प्रसंग आज दिवसभर पुढेमागे करून पाहिला, खोलीत अंधार करून पाहिला, पडद्याला नाक लावून पाहिला. नाहीच कळत. हे इथे लिहून ठेवते, कारण ऑफिसात मी साहेबांना उलटंच बोलून बसले, "संध्याकाळपर्यंत नक्की सांगते."

कामाबद्दल एकदा नीट लिहायला हवं. घरी सांगताना दर वेळी माझी तारांबळ उडते. आम्ही अंध प्रेक्षकांसाठी सिनेमांचं वर्णन तयार करतो. दोन संवादांच्या मधे जी मोकळी जागा सापडते, तेवढ्यात पडद्यावर काय चाललंय ते सांगायचं. मी लिहिते, आवाजवाल्या ताई वाचतात, बँकेतल्या मॅडम (त्या स्वतः अंध आहेत) ऐकून चुका काढतात, आणि मग फाइल सिनेमावाल्या कंपनीकडे जाते. दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तू आंधळ्यांना भुतं दाखवणार."

"फक्त भुतं नाही. पण हा सिनेमा भुताचा आहे, हो."

"आणि याला पदवी लागते?"

"लागते."

"बरोबर आहे. बिनपदवीचं भूत कोण बघणार!"

तेव्हापासून त्याने माझं नावच पदवी ठेवलंय. पदवी, पाणी आण. पदवी, माझा शर्ट कुठाय. घरातली पहिली पदवी माझी, आणि तिला पाणी आणायला लावण्यातला आनंद त्याला सोडवत नाही.

साहेबांच्या खुर्चीमागे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: दिसतं ते सांगा. वाटतं ते सांगू नका. मुलाखतीला गेले तेव्हा ते वाचून मी भारावून गेले होते. वाटलं, हे प्रत्येक वर्तमानपत्राच्या कचेरीत लावलं पाहिजे. अजूनही वाटतं.

बुधवार, ५

सिनेमा असा आहे. दोन बहिणी, दिसायला अगदी सारख्या. बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावाशेजारच्या घरात राहतात, एकमेकींचे कपडे घालतात. सुरुवातीलाच थोरलीचं मनगट इस्त्रीने भाजतं. मग मध्यावर, अंधारात, तलावात कोणीतरी पडतं. कॅमेरा वर आहे. दिसतो फक्त पिवळा स्वेटर आणि पाण्यावर पसरलेले केस. पुढे घरात एकच बहीण उरते. शेजारी तिला धाकटी म्हणून हाक मारतात, ती ओ देते. पण रोज सकाळी फरशीवर ओल्या पावलांचे ठसे. अगदी शेवटी ती खिडकीपाशी केस विंचरत असते, बाही घसरते आणि मनगटावर काळसर काहीतरी दिसतं. पण खिडकीच्या गजाची सावलीसुद्धा नेमकी तिथेच पडलेली असते. पडदा काळा. संपला.

डाग असेल तर बुडाली ती धाकटी, आणि थोरली तिच्या नावाने जगतेय. सावली असेल तर थोरली गेली आणि धाकटीचं मन ठिकाणावर नाही. आवाजवाल्या ताईंचं तिसरंच. "अगं, थोरली परत आलीय, धाकटीच्या अंगात. नाहीतर ओले पाय कोणाचे?"

इंटरनेटवर लोक यावर हमरीतुमरीवर आलेत. कोणी म्हणतं पिवळ्या रंगाला अर्थ आहे, कोणी म्हणतं तलाव म्हणजे आई. मला ते भांडण वाचताना फार मजा आली. आणि माझं काम काय ते त्यातूनच कळलं: अंध माणसालाही या भांडणात बसायला जागा मिळाली पाहिजे. मी 'डाग' म्हटलं की भांडण मिटलं. 'सावली' म्हटलं तरी मिटलं. तेव्हा दोन्ही म्हणायचं नाही.

तलावाचा प्रसंग मात्र छान साधला. किंकाळीच्या आधी तिथे एवढीशी जागा आहे. मी लिहिलं, 'थोरली पाण्यात बुडते.' ताईंनी ते एका श्वासात असं वाचलं की मला माझाच हेवा वाटला.

शुक्रवार, ७

शेवटचं वाक्य ठरलं: 'बाही घसरते. मनगटावर काळसर काहीतरी.'

साहेब म्हणाले, "काहीतरी म्हणजे? भाजीत काहीतरी पडलंय असं वाटतं."

"पडद्यावर तेवढंच दिसतं, साहेब."

"बरं. बघू कंपनी काय म्हणते." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. चष्मा वर गेला की विषय संपला. पण हरकत नाही, वाक्य टिकलं.

शनिवार, ८

आईच्या मानेवरची गाठ दाखवायला गेलो होतो. आई पडद्यामागे कपडे सारखे करत होती, तेवढ्यात डॉक्टर मला म्हणाले, "आज काहीच सांगता येणार नाही. साधी असू शकते, नसूही शकते. सुईने नमुना काढू, मग बघू."

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाले?"

"साधी गाठ आहे. एक सुई टोचतील, बस."

"असं म्हणाले?"

"हो गं."

घरात पहिली शिकलेली असण्याचा हाच तर उपयोग. अवघड बोलणं आपण गाळून घ्यायचं आणि घरच्यांच्या हाती पिण्याजोगं तेवढं द्यायचं. आईने वाटेत एकदाही पुन्हा विचारलं नाही. तिला हायसं वाटलं असणार. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती, मीही तिला त्रास दिला नाही.

मंगळवार, ११

कंपनीकडून सूचना आली. जशीच्या तशी उतरवते: 'शेवट संदिग्ध ठेवू नये. अंध प्रेक्षकांचा गोंधळ होईल. शेवटचे वाक्य असे करावे: तिच्या मनगटावर खिडकीच्या गजाची सावली पडते.'

मी थेट साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. "सावली आहे हे यांना कोणी सांगितलं?"

"त्यांनी पाहिलंय."

"मीही पाहिलंय. पन्नास वेळा."

"मग पन्नास वेळा गोंधळलीस. आणि सावली आपल्या बाकीच्या वर्णनाशी जुळतेसुद्धा. टाकून दे."

मी त्यांच्या मागच्या भिंतीकडे बोट केलं. साहेबांनी मान वळवूनही पाहिलं नाही. "भिंतीवरचं भिंतीवर. ते नव्या मुलांसाठी आहे."

"मी नवीच आहे."

"म्हणून तर सांगतोय. महिनाअखेरीस तुझं पक्कं व्हायचंय. असल्या एका शब्दासाठी कोणी पायावर धोंडा पाडून घेतं का?"

"मग त्यांना तरी नेमकं काय दिसतंय, साहेब?"

"त्यांना करार दिसतोय," असं म्हणून चष्मा वर.

परत जागेवर येऊन बसले. डोळस माणसाला तिकिटाबरोबर भीती मिळणार आणि अंध माणसाला खुलासा? गोंधळ म्हणे! सिनेमा संपल्यावर माझा गोंधळ उडाला तर मी हुशार प्रेक्षक, आणि मॅडमचा उडाला तर ती गैरसोय? मी बदलणार नाही. नोकरी पक्की झाली नाही तर कच्चीच राहीन.

(हे लिहायला सोपं आहे. दादाच्या व्हॅनची कामं कमी झालीत, आई वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात उभ्याने राबते. मला हे दिसत नाही असं नाही.)

गुरुवार, १३

बँकेतल्या मॅडम आल्या. त्या कर्ज विभागात आहेत. म्हणतात, "दिवसभर मी लोकांना घाबरवते, संध्याकाळी मला कोणीतरी घाबरवायला हवं." भुताच्या सिनेमांचं त्यांना वेडच आहे. स्वतःचे हेडफोन आणतात, काठी घडी करून मांडीवर ठेवतात आणि ऐकताना मधेच "हट्!" म्हणून हवेत हात उडवतात.

मी शेवटी माझंच वाक्य ठेवलं होतं. ऐकून झाल्यावर त्यांना सगळं सांगितलं, कंपनी, साहेब, करार, सावली. त्या माझ्या बाजूने उभ्या राहतील याची मला खात्री होती. किंबहुना त्या काय म्हणतील तेही मी मनात लिहून ठेवलं होतं.

त्या म्हणाल्या, "पण भांडण कशाचं? सावलीच असणार."

"का?"

"डाग थोरलीला होता. थोरली तर बुडाली."

"ते नक्की नाही ना, मॅडम. तीच तर गंमत आहे."

"नक्की नाही? अगं, तूच सांगितलंस. 'थोरली पाण्यात बुडते.' त्यानंतर मग धाकटी उठते, धाकटी दार उघडते, धाकटी ओल्या ठशांपाशी वाकते. दर दोन मिनिटांनी धाकटी, धाकटी. पडद्यावर काय होतं तिथे, तलावात?"

"पिवळा स्वेटर. आणि केस."

"स्वेटर कोणाचा?"

"दोघी घालतात."

"चेहरा?"

"दिसत नाही."

मॅडमनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मग म्हणाल्या, "म्हणजे हा सिनेमा मी पाहिलाच नाही. तू केलेला दुसराच कुठलातरी पाहिला."

"मॅडम, मी..."

"तू मला साहेबांची तक्रार काय सांगतेस? साहेबांनी शेवटचं एक वाक्य मागितलंय. तू अर्धा सिनेमा आधीच तुला वाटतो तसा सांगून टाकलास. मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून बसते, बाई. मागे वळून बघायची सोय मला नाही."

काठी उघडून निघाल्या. दारापाशी थांबून म्हणाल्या, "आवाज मात्र झकास होता हं. त्या 'बुडते'ला मी दचकले."

हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. मला अजून वाईट वाटलं.

शुक्रवार, १४

काही सुचत नाही. नाव मी दिलं. कधी ठरवलं तेही आठवत नाही. पहिल्यांदा सिनेमा पाहिला तेव्हाच ठरवलं असणार, आणि मग तेच दिसत गेलं. इतके दिवस एका शब्दासाठी दंड थोपटून उभी होते आणि निकाल तर कधीच देऊन झाला होता, माझ्याच तोंडून.

रडले नाही. चिडले आहे. कोणावर, ते नीट कळत नाही.

शनिवार, १५

सकाळी चहा गाळताना आई पाठमोरीच म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाले ते आज सांग."

"सांगितलं की त्या दिवशीच."

"तू तुझं सांगितलंस. मी त्यांचं विचारतेय."

"आई, साधी..."

"अगं, मी इतकी वर्षं वसतिगृहातल्या पोरींना वाढतेय. कोणती खरंच जेवून आलीय आणि कोणती नुसती म्हणतेय ते मला ताटाकडे बघून कळतं. तू बाहेर आलीस तेव्हा तुझ्या तोंडावर नुसती म्हणणारी पोर होती."

दादा दाढीचा साबण लावलेल्या तोंडाने दारात येऊन उभा राहिला. त्यालाही मी तेच सांगितलं होतं, साधी गाठ.

मग मी डॉक्टरांचे शब्द सांगितले. आज काहीच सांगता येणार नाही. साधी असू शकते, नसूही शकते. सुईने नमुना काढू, मग बघू. एकही शब्द गाळला नाही. बोलताना माझ्याच लक्षात आलं की ते काही अवघड बोलणं नव्हतंच. आईला न समजण्यासारखा त्यात एकही शब्द नव्हता.

"बघू म्हणाले?"

"हो."

"मग बघू." तिने कप पुढे सरकवला. "एवढंच होतं तर इतके दिवस मी कशाकशाचा विचार केला, माहितेय? तू साधी म्हणालीस म्हणून तर जास्त केला."

"तू घाबरशील म्हणून..."

"घाबरले असते. माझी मान, माझी गाठ. माझं मी घाबरेन की. त्यात तुझी मदत कशाला हवी?"

दादा म्हणाला, "पदवी, तू आम्हाला काय वर्णन वाचून दाखवतेस का गं?" त्याने ते चेष्टेत म्हटलं होतं, पण हसलं कोणीच नाही. मग आईच हसली आणि त्याला म्हणाली, "साबण वाळतोय तोंडावर, जा."

सुट्टी असून ऑफिसला गेले. चावी माझ्याकडे असते. अर्ध्यानंतरचं सगळं वर्णन उघडलं आणि प्रत्येक 'धाकटी' खोडत सुटले. जिथे शेजारी तिला धाकटी म्हणतात तिथे ते म्हणोत, तो संवाद आहे. वर्णनात फक्त 'ती'. तलावाचं वाक्य आता असं आहे: 'पाण्यावर पिवळा स्वेटर. केस पसरलेले. चेहरा दिसत नाही.' जागेत जेमतेम मावतं. सुरुवातीचा इस्त्रीचा प्रसंगही तपासला. भाजल्याचं मी नीट सांगितलं होतं, सुदैवाने. ते सांगितलंच नसतं तर शेवटाला पायच उरले नसते.

सोमवार, १७

साहेबांना सगळं सांगितलं. माझी चूक होती हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, मान्य झालं.

"म्हणजे अर्धा सिनेमा पुन्हा वाचून घ्यायचा?"

"हो."

"कंपनीने मागितलेलं नसताना. उलट कंपनीने मागितलं त्याच्या विरुद्ध."

"आपण खोटं सांगतोय, साहेब. तिथे चेहरा नाही."

"हे बघ. तू हुशार आहेस, मनापासून काम करतेस, मला आवडतं. पण हा सिनेमा आहे, साक्ष नाही. तुझ्या चुकीने त्यांचं काम सोपं झालंय, आपलंही झालंय. चूक फायद्याची असेल तर तिला चूक म्हणत नाहीत."

"काय म्हणतात?"

चष्मा वर. "स्टुडिओ यासाठी मिळणार नाही. पुढच्या सोमवारी फाइल जाते, सावलीसकट."

आवाजवाल्या ताईंना जिन्यात गाठलं. त्यांच्यापुढे मला रडू येईल असं वाटत होतं, पण त्यांनी वेळच दिला नाही. "थांब, थांब. म्हणजे ती कोण आहे ते तुलाही माहीत नाही?"

"नाही."

"आणि मी एवढ्या छातीठोकपणे धाकटी धाकटी वाचत होते? बावळटच ठरवलंस की मला!" मग जरा विचार करून म्हणाल्या, "माझ्या घरी ये. कपाटात माईक आहे."

बुधवार, १९

ताईंचं कपाट खरंच कपाट आहे. कोट एका बाजूला सारून त्या आत खुर्ची टाकून बसतात, दारावर गोधडी, डोक्यावर दिवा. नवरा घरी असेल तर त्याने संडासची साखळी ओढायची नाही, असा घरचा कायदा. बिचारा आज पूर्ण दिवस बाहेरच होता.

वाचणं सोपं गेलं नाही. ताई नको म्हटलं तरी वाक्यावाक्यात बाजू घेत होत्या. 'ती फणी उचलते' हे त्यांनी असं वाचलं की ती भूत आहे हे कपाटातल्या कोटांनाही कळलं असतं.

"ताई, तुम्हाला माहीत नाही ती कोण आहे."

"मला माहितेय. थोरली अंगात आलीय."

"ते तुम्हाला वाटतं. आवाजाला माहीत नको."

"आवाज काय माझ्यावेगळा राहतो?" चिडल्या, पाणी प्यायल्या, गोधडी ओढून घेतली. मग एकदम जमलं. ज्या सुरात आपण 'दारात कोणीतरी आहे' म्हणतो, उघडायच्या आधी, तो सूर. त्या सुरात त्यांनी उरलेला सगळा सिनेमा वाचला. 'काळसर काहीतरी' वाचून झालं. गोधडी बाजूला करून बघते तर ताई स्वतःच्याच मनगटाकडे बघत बसलेल्या.

"छे," त्या म्हणाल्या, "आता मलाही सांगता येईना."

शुक्रवार, २१

मॅडमच्या घरी ऐकवलं. त्यांनी भुताचे सिनेमे आवडणाऱ्या त्यांच्या मैत्रिणी बोलावल्या होत्या, सगळ्या अंध. एक फिजिओथेरपिस्ट, एक शाळेत शिकवणाऱ्या आणि एक कोणत्याच कामाच्या नसलेल्या, असं त्यांनीच स्वतःबद्दल सांगितलं. साहेबांनाही मी बोलावलं होतं, चोरून काही करायचं नाही असं ठरवलं होतं. ते येतील असं वाटलं नव्हतं. आले. दाराजवळच्या खुर्चीत, हातातली पिशवी खाली न ठेवता बसले.

तलावाच्या प्रसंगाला शाळेतल्या बाई ओरडल्या, "अगं कोण पडलं ते तर सांग!" मॅडमनी त्यांना गप्प केलं, "सांगत नाहीये तर दिसत नसेल. पुढे ऐक."

शेवट झाला. मग असा गलका उडाला!

"थोरलीच आहे! डाग आहे तो!"

"डाग म्हणाली का ती? काळसर म्हणाली. सावलीही म्हणाली नाही."

"खिडकी उघडल्याचा आवाज येतो त्याआधी. म्हणजे उजेड खिडकीतून येतोय. सावलीच."

"उजेडाचं तू मला सांगतेस?"

"मग तू सांग!"

"मी म्हणते दोघी बुडाल्या. घरात कोणीच नाहीये. नुसती ओली पावलं."

हे शेवटचं कोणत्याच कामाच्या नसलेल्या बाईंचं. सगळ्या त्यांच्यावर तुटून पडल्या. फिजिओथेरपिस्टबाई दर वेळी "ऐकून घ्या, ऐकून घ्या" म्हणत स्वतः कोणाचं ऐकत नव्हत्या. मॅडमनी थोरलीची बाजू घेतली आणि मग इस्त्रीच्या प्रसंगातल्या एका आवाजावरून स्वतःच फिरल्या. मला सारखे प्रश्न येत होते आणि मी सारखं म्हणत होते, मला माहीत नाही, पडद्यावर एवढंच आहे. आयुष्यात एवढ्या आनंदाने मी हे वाक्य कधीच म्हटलेलं नाही.

साहेब हळूच म्हणाले, "बघ. झाला ना गोंधळ?"

मॅडमचे कान तिखट. "कोण ते? साहेब का? तुम्हाला दिसतं ना? मग तुम्ही सांगा. काय होतं?"

"सावली," साहेब म्हणाले. मग त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. पुढे वाकून पाहिला. पिशवी खाली ठेवली. "एक मिनिट. सावली गजाची, पण गज तर..." पुन्हा लावायला सांगितला.

"चला, हेही आले आमच्यात," मॅडम म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. साहेबही जरा हसले.

पण जिना उतरताना ते पहिल्यासारखेच झाले होते. "मजा आली, नाही म्हणत नाही. तरी सोमवारी कंपनीला हवी ती फाइल जाईल. बाकीची हौस तुम्ही घरी पुरी करा."

मला वाटलं होतं ते बदलतील. माणसाला कळतं आणि तरी तो बदलत नाही, हे मला नवं आहे. की त्यांना कळलंच नाही? नाही. पिशवी खाली ठेवली होती त्यांनी.

रविवार, २३

दादाने विचारलं, "मग पदवी, उद्या काय? भूत जाणार का नोकरी जाणार?"

"दोन्ही जाऊ शकतं."

मग म्हणाला, "व्हॅनवर एक माणूस लागतो सामान धरायला. पदवी चालेल." त्याच्या परीने त्याने फार मोठी गोष्ट सांगितली. आई मानेला हात लावत म्हणाली, "हिला सामान धरायला लावलंस तर तुझ्या पाठीत धपाटा घालीन. आणि तू गं, काय करायचं ते कर, पण मला नंतर गोडगोड करून सांगू नकोस."

सोमवार, २४

साहेबांचा फोन दुपारी आला. ते आज बाहेरगावी आहेत. आवाज इतका गोड की आधी मला ओळखूच आला नाही. म्हणाले, त्यांनी खूप विचार केला. माझं पक्कं करायचा कागद त्यांनी सही करून ठेवलाय, पुढच्या सिनेमापासून वर्णनलेखकांवर देखरेख माझ्याकडे असेल, नव्या मुलांना मीच शिकवायचं, भिंतीवरचं वाक्य हवं तर आणखी मोठं करून लावू. या एका सिनेमापुरतं तेवढं जुळवून घे. तरुण वयात माणूस एका गोष्टीवर अडून बसतो आणि पुढच्या दहा चांगल्या गोष्टी हातच्या जातात, हे त्यांनी स्वतः पाहिलंय. मी किती चांगलं काम करू शकते हे त्यांच्याइतकं कोणालाच दिसत नाही. कंपनीची वेळ संध्याकाळपर्यंत आहे, तेव्हा शांतपणे विचार कर, घाई नाही.

मी त्यांना शेवटपर्यंत बोलू दिलं. मधे तोडलं नाही, कारण ते जे म्हणत होते त्यातलं बरंचसं मला हवं होतं. नव्या मुलांना शिकवायचं तर फारच.

मग म्हटलं, "साहेब, फाइल सकाळी गेली."

"कुठली?"

"ताईंनी पुन्हा वाचलेली. सोबत कंपनीला लिहिलंय की मधल्या प्रसंगात चेहरा दिसत नसताना मी नाव दिलं होतं, ती चूक माझी, ती काढली आहे. आणि शेवटात जेवढं दिसतं तेवढंच ठेवलंय. साहेबांनी याला परवानगी दिलेली नाही, हेही लिहिलंय. खाली फक्त माझं नाव आहे."



"आणि ऑफिसची चावी तुमच्या टेबलावर ठेवली आहे," मी म्हटलं. "भिंतीसमोर."